अनुभवी सिस्टरला शिकवायला शिकवताना: मार्गदर्शक परिचारिका घडवण्याच्या पायऱ्या

"सलाईन बघ गं जरा," एवढं तिला सांगून मी पलीकडच्या बेडकडे वळले. नवी सिस्टर, कामाचा चौथा दिवस. तिने सलाईन बघितलं. बाटली अर्धी होती, थेंब पडत होते. "चालू आहे मॅडम," ती म्हणाली. तासाभराने पेशंटच्या लेकीने हाक मारली तेव्हा आजींचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजून ताठ झाला होता. कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी, शिरेबाहेर आली होती आणि सगळं पाणी कातडीखाली साठत होतं.

मी त्या मुलीला बोलले, खूप बोलले. रात्री घरी गेल्यावर मात्र झोप लागेना. 'सलाईन बघ' म्हणजे नेमकं काय बघ, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात त्या दोन शब्दांत कितीतरी गोष्टी होत्या: बाटलीवरचं नाव आणि लेबल, किती उरलंय, थेंबांचा वेग ऑर्डरप्रमाणे आहे का, नळीत हवा शिरली आहे का, नळी अंगाखाली दबली आहे का, कॅन्युलाच्या जागी सूज, लाली किंवा गारपणा आहे का, पेशंटला तिथे दुखतंय का, कॅन्युला घातल्याची तारीख कोणती. बारा वर्षांत माझे हात आणि डोळे हे सगळं आपोआप करायला शिकले होते. ते तोंडाने सांगायला मात्र मी कधी शिकले नव्हते.

पुढे काही वर्षांनी अनुभवी सिस्टरांना मार्गदर्शक म्हणून तयार करायचं काम माझ्याकडे आलं. रुग्णालयाच्या कागदपत्रांत त्याला 'प्रीसेप्टर' म्हणतात. आतापर्यंत तीन तुकड्या झाल्या. तुमच्या मेट्रन मॅडमनी हेच काम तुमच्याकडे दिलं असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पहिल्या तुकडीत जिथे आमचं चुकलं, तिथे तुमचं चुकू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरू करण्याआधी हे जमवा

- नव्या सिस्टरची किंवा ब्रदरची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. परराज्यातून आलेल्यांची नोंदणी इथे झाली आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. नोंदणी हातात येईपर्यंत पेशंटची स्वतंत्र जबाबदारी देऊ नका.
- हिपॅटायटिस बी लशीची नोंद. ती नसेल तर लस त्याच आठवड्यात सुरू करून घ्या.
- वॉर्डाची कौशल्य-यादी, म्हणजे नव्या व्यक्तीने काय काय करून दाखवायचं त्याची यादी. दोन पानांपेक्षा मोठी नको.
- रुग्णालयाच्या कार्यपद्धतीच्या छापील प्रती: औषध देणं, रक्त चढवणं, कॅन्युला, कॅथेटर (लघवीची नळी), हँडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं), घटना-अहवाल.
- प्रत्येक जोडीसाठी एक साधी शंभर पानी वही.
- सरावाचा हात किंवा पुतळा, मुदत संपलेले आयव्ही सेट, रिकाम्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), सिरिंज.
- मेट्रन मॅडमच्या सहीचं पत्र. त्यात काय असावं ते पुढे सांगते.

१. आधी रोस्टर, मग वर्ग

पहिल्या वेळी मी उलटं केलं. छान वर्ग घेतले, प्रमाणपत्रं दिली आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सिस्टर नेहमीसारखे आठ पेशंट घेऊन धावायला लागल्या. शिकवायला वेळच नव्हता. त्यातल्या एका नव्या मुलीला दोन आठवड्यांत सात वेगवेगळ्या सिस्टर मिळाल्या. प्रत्येकीची कॅन्युला चिकटवायची पद्धत वेगळी. एक दिवस तिने मला विचारलं, "मॅडम, यातली बरोबर कोणाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून वर्गाची तारीख ठरवण्याआधी रोस्टर घेऊन मेट्रन मॅडमसमोर बसा आणि तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली: पहिले चार आठवडे नव्या व्यक्तीला ड्युटीच्या संख्येत धरायचं नाही. दोघींना मिळून एकच पेशंटचा गट द्यायचा. दुसरी: दोघींची ड्युटी एकत्र, साप्ताहिक सुट्टीही एकाच दिवशी. मार्गदर्शक रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, तेही नावानिशी आधीच ठरलेलं. तिसरी: नव्या व्यक्तीला ऐनवेळी दुसऱ्या वॉर्डात पाठवायचं असेल तर ते कोण ठरवणार.

तिसऱ्या गोष्टीवर हटून बसा. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की कॉरिडॉरमध्ये खाटा लागतात, दिवाळीत निम्मा स्टाफ रजेवर असतो, आणि अशा वेळी सगळ्यात आधी हात जातो तो नव्या मुलीकडे. 'ती तर जास्तीचीच आहे' असं म्हणून तिला कुठेही पाठवलं जातं. ती जास्तीची नाही, शिकाऊ आहे, हे पत्रात लिहिलेलं असलं की रात्रीच्या सुपरव्हायझरलाही ते दाखवता येतं.

२. निवड करताना ज्येष्ठता यादी बाजूला ठेवा

सर्वांत सीनियर सिस्टर ही सर्वांत चांगली मार्गदर्शक असेलच असं नाही. हे बोलणं अवघड जातं, कारण आपल्याकडे मानपान ज्येष्ठतेने चालतो. पण पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेने १९८४ साली नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या इथे फार उपयोगी पडतात. नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढलेली नर्स 'सक्षम' पायरीवर येते. तज्ज्ञ नर्स नियमांवरून विचार करत नाही, तिला एका नजरेत कळतं. म्हणूनच ते कसं कळलं हे सांगणं तिलाच जड जातं. तीन-चार वर्षांची सिस्टर अजून पायऱ्या मोजत काम करत असते. कॅन्युला, कॅथेटर, चार्टिंग अशा रोजच्या कामांत ती जास्त चांगली शिकवते. वीस वर्षांच्या सिस्टरकडे मी अवघड प्रसंगांचे वर्ग दिले: बिघडत चाललेला पेशंट, संतापलेले नातेवाईक, मृत्यू.

निवडताना मी हे बघते: रात्रपाळीला ज्युनियर मुली आपणहून कोणाला विचारायला जातात? कोणाचं चार्टिंग वेळेवर असतं? स्वतःची चूक आपणहून कोण सांगते? हा शेवटचा गुण नसेल तर मी त्या सिस्टरला घेत नाही, ती कामात कितीही हुशार असली तरी. चुका झाकणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली तयार झालेली मुलगी चुका झाकायलाच शिकते.

आणि विचारूनच नाव घाला. जबरदस्तीने मार्गदर्शक झालेल्या सिस्टरचा राग शेवटी नव्या मुलीवर निघतो.

३. हाताला येतं ते तोंडावर आणा

प्रशिक्षणाचा हा गाभा आहे. दोन दिवसांचा वर्ग असेल तर पहिला अख्खा दिवस यालाच द्या.

सुरुवात अशी करा. आठ सिस्टरांना कोरे कागद द्या आणि 'सलाईन बघ म्हटल्यावर तुम्ही काय काय बघता' ते एकमेकींशी न बोलता लिहायला सांगा. पाच मिनिटांनी सगळे कागद मोठ्याने वाचा. पहिल्या तुकडीत कोणी चार गोष्टी लिहिल्या होत्या, कोणी अकरा. कॅन्युलाची तारीख फक्त दोघींनी लिहिली होती. सगळ्या जणी रोज वॉर्डात तारीख बघतात, पण कागदावर आठवली नाही. वर्गात एकदम शांतता झाली. आपण नव्या मुलींना काय काय सांगायचं राहून जातं, ते त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं.

मग वेगाचं गणित घ्या. ५०० मिली आठ तासांत द्यायचं, सेटवर २० थेंबांना एक मिली लिहिलंय, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. अनुभवी सिस्टर नळीवरचा रोलर फिरवून डोळ्याच्या अंदाजाने हे लावते आणि बहुतेक वेळा बरोबर लावते. नव्या मुलीला फक्त फिरणारा रोलर दिसतो. तिच्यासमोर गणित मोठ्याने बोलायचं, सेटच्या पाकिटावरचा थेंबांचा आकडा बोटाने दाखवायचा, घड्याळ लावून मोजायचं.

यानंतर इन्सुलिन. यात मी कधीच घाई करत नाही. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही व्हायल मिळतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० युनिटच्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने '१०' च्या खुणेपर्यंत औषध ओढलं तर पेशंटला १० नव्हे, २५ युनिट जातात. अनुभवी सिस्टरचा हात व्हायल उचलतानाच लेबलवर जातो आणि सिरिंज आपोआप बरोबर निवडली जाते. त्या अर्ध्या सेकंदात काय तपासलं हे ती बोलत नाही. वर्गात दोन्ही व्हायल आणि दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीला उचलताना मोठ्याने बोलायला लावा: "व्हायल चाळीसची, सिरिंज लाल टोपणाची, जुळलं."

दुपारी कौशल्य शिकवायची चार पायऱ्यांची पद्धत घ्या. ती पेटन यांची म्हणून ओळखली जाते. कॅन्युलाचं उदाहरण घेऊ.

पहिली पायरी: मार्गदर्शक नेहमीच्या वेगाने, काही न बोलता कॅन्युला घालून दाखवते. दुसरी: तीच कृती हळू, प्रत्येक हालचाल आणि तिचं कारण सांगत. तिसरी: कृती मार्गदर्शकच करते, पण पुढचं पाऊल कोणतं ते नवी मुलगी सांगते आणि तिने सांगितल्याशिवाय हात हलवायचा नाही. चौथी: मुलगी स्वतः बोलत बोलत करते.

तिसरी पायरी सगळ्या जणी गाळतात. दाखवलं, समजावलं, 'आता तू कर' म्हटलं. पण मुलीला काय समजलं नाही ते याच पायरीत उघडं पडतं, तेही पेशंटला न टोचता. टूर्निके (दंडाला बांधलेला पट्टा) सोडायचं ती विसरली, की मार्गदर्शकाचा हात तिथेच थांबतो. ती विचार करते आणि मग "टूर्निके!" म्हणते. ही गोष्ट ती पुन्हा विसरत नाही. सरावाच्या हातावर प्रत्येक जोडीकडून तिसरी पायरी दोनदा करून घ्या.

एक धोका इथेच सांगते. नवी मुलगी आपण काय सांगतो ते कमी आणि आपण काय करतो ते जास्त उचलते. दिवसभर हात स्वच्छ करण्याचे नियम सांगायचे आणि स्वतः एका बेडवरून दुसऱ्या बेडवर तसंच जायचं, तर ती तेच शिकेल. म्हणून दोन वर्गांच्या मधल्या दिवसात मी प्रत्येक भावी मार्गदर्शकाबरोबर तिच्या वॉर्डात तासभर उभी राहते. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा स्रावाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या भोवतीच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेच्या या पाच वेळांपैकी किती पाळल्या ते टिपते. हँडरब वीस ते तीस सेकंद चोळला का, तेही. कागद फक्त तिलाच दाखवते आणि मग फाडून टाकते.

४. उत्तर देण्याआधी प्रश्न विचारा

नव्या मुलीने काही विचारलं की आपण पटकन उत्तर देतो, कारण वेळ नसतो. मग ती पुढच्या वेळीही विचारायलाच येते. १९९२ साली डॉक्टरांच्या प्रशिक्षणातून 'एका मिनिटाचा मार्गदर्शक' नावाची पद्धत आली. त्यात पाच छोट्या गोष्टी आहेत आणि त्या बेडजवळ उभ्या उभ्या होतात. आम्ही त्या अशा शिकवतो:

मुलगी येऊन सांगते, "मॅडम, बेड नंबर नऊची नाडी ११८ आहे, बीपी ९६/६०." पेशंटचं आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं आहे.

"तुला काय वाटतं, काय होत असेल?" इथे तिला स्वतःचं मत मांडायला लावायचं.

"ब्लीडिंग असेल का?"

"कशावरून?"

"नाडी वाढलीय आणि लघवी दोन तासांत फक्त तीस मिली झालीय."

मग एकच नियम सांगायचा: साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण तीस मिली लघवी व्हायला हवी. ऑपरेशननंतर नाडी वाढत असेल आणि लघवी घटत असेल, तर बीपी आणखी उतरायची वाट बघायची नाही. मग जे बरोबर केलं ते नाव घेऊन सांगायचं: "लघवी स्वतःहून बघितलीस, हे फार चांगलं केलंस." आणि शेवटी राहिलेलं: "ड्रेन आणि ड्रेसिंग बघितलंस का? चल, आता दोघी बघू आणि लगेच डॉक्टरांना फोन करू."

'छान केलंस' एवढंच म्हणणं पुरेसं नाही. काय छान केलं ते कळलं तरच ते उद्या पुन्हा होतं.

पेशंट हातातून जात असेल तर ही पद्धत बाजूला ठेवा. तेव्हा प्रश्न नाहीत, थेट सूचना. प्रश्न नंतर, चहाच्या वेळी.

५. चूक कशी सांगायची

आमच्या काळात चूक झाली की वॉर्डाच्या मधोमध, पेशंट आणि नातेवाइकांसमोर ओरडा बसायचा. आपण त्यातूनच शिकलो, असं अनेक सीनियर सिस्टर मनापासून म्हणतात. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण त्या ओरड्यातून मी काय शिकले ते प्रामाणिकपणे सांगायचं तर चूक कळू द्यायची नाही, हे. ज्या पेशंटला औषध चुकीचं गेलं, त्याच्यासाठी हे फार घातक असतं.

चूक सांगायच्या तीन वेगवेगळ्या वेळा वर्गात शिकवा.

ताबडतोब थांबवायची वेळ: यासाठी जोडीने आधीच एक वाक्य ठरवायचं. आमचं वाक्य आहे, "थांब, मी घेते." आवाज न चढवता. हे वाक्य आलं की मुलीने हात थांबवायचा, कारण नंतर. पोटॅशियम क्लोराइडची व्हायल कोणी सरळ शिरेत द्यायला निघालं असेल तर एक सेकंदही चर्चेत जाता कामा नये. १० मिलीच्या त्या छोट्या व्हायलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि ते पातळ न करता दिलं तर हृदय थांबतं.

थोड्या वेळाने, एकांतात सांगायची वेळ: पट्टी नीट लागली नाही, चार्टमध्ये वेळ राहिली, नातेवाइकांशी तुसडं बोलणं झालं. ड्रेसिंग रूममध्ये, दार लावून, त्याच दिवशी.

वहीत लिहून आठवड्याच्या बैठकीत बोलायची वेळ: तीच चूक तिसऱ्यांदा दिसली तर.

सुई टोचण्याचा प्रसंग वेगळा करून घ्याच, कारण नव्या मुली तो लपवतात. 'मॅडम रागावतील' ही भीती असते. पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाने सांगायचं: सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धू, दाबून रक्त काढू नको, बोट तोंडात घालू नको, लगेच मला सांग, मध्यरात्र असली तरी. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, काही तासांत सुरू व्हावं लागतं आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. 'उद्या बघू' यात हे तास जातात. आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, हे रोज हाताने करून दाखवा.

६. रात्री डॉक्टरांना फोन

नव्या मुलीला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, हे मी प्रत्येक तुकडीला विचारते. उत्तर ठरलेलं: रात्री अडीचला डॉक्टरांना उठवायची. 'सर ओरडले तर?' या भीतीत अर्धा-अर्धा तास जातो.

यासाठी एसबीएआर पद्धत शिकवा. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि तिथल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात आणली. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी, एवढे चार भाग. मराठीत फोन असा होतो:

"सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड नऊ, नाडी ११८, बीपी ९६/६०, दोन तासांत लघवी ३० मिली. काल सकाळी आतड्याचं ऑपरेशन झालंय, ड्रेनमध्ये तासात दीडशे मिली लाल आलंय. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर काय सुरू करू?"

शेवटची दोन वाक्यं मुलींच्या तोंडून निघत नाहीत. "सर, पेशंटचं जरा बघता का" असं काहीतरी मोघम निघतं. म्हणून वर्गात मार्गदर्शकांनीच एकमेकींना फोन करायचे, एकीने मुद्दाम वैतागलेल्या डॉक्टरांचं काम करायचं. फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची, 'बरोबर आहे का' विचारायचं. नव्या मुलीचा पहिला रात्रीचा फोन मार्गदर्शकाने शेजारी उभं राहून करून घ्यायचा. रिसीव्हर मात्र मुलीच्याच हातात.

७. पेशंटची भाषा

मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या कितीतरी सिस्टर आहेत. कामात तयार, इंग्रजी उत्तम, पण गावाकडून आलेले आजोबा म्हणतात, "जीव घाबरा होतोय," आणि तिला वाटतं ते घाबरले आहेत. ती धीर देते. खरं तर त्या वेळी ईसीजी काढायला हवा.

मार्गदर्शकाच्या वहीत शेवटच्या चार पानांवर असे शब्द लिहायला लावा: जीव घाबरा होणं, धाप लागणं, पोटात कळ येणं, मुरडा येणं, मळमळणं, अंगात कणकण, हातापायाला मुंग्या, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत भरून येणं, लघवीला जळजळ. प्रत्येकासमोर 'हे ऐकलं तर काय तपासायचं' ते. आमच्या शहरी मराठी मुलींनाही ही यादी लागते, आणि विदर्भातला पेशंट वेगळा शब्द वापरतो, कोकणातला वेगळा. वॉर्डातल्या मावशींना विचारा. पेशंटच्या बोलीचा अर्थ त्यांना आपल्या आधी कळतो.

८. बारा आठवड्यांचा आराखडा

आमच्या जनरल वॉर्डात हा बसला. आयसीयू, लेबर रूम यांना जास्त वेळ लागतो.

पहिला आठवडा फक्त बरोबर फिरणं. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साधनांची ढकलगाडी) उघडून प्रत्येक कप्पा हाताळणं, ऑक्सिजनचे पॉइंट, कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांत काय टाकायचं ते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दोन पेशंट, मार्गदर्शकाच्या नजरेसमोर. पाचव्या ते आठव्यात तीन-चार पेशंट, मार्गदर्शक त्याच ड्युटीवर. नवव्यापासून पूर्ण गट आणि मार्गदर्शकाबरोबर रात्रपाळी. एकटीने रात्रपाळी बारा आठवड्यांनंतरच, तीही कौशल्य-यादी पूर्ण असेल तर.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मुलगी उदास झाली, रडली, 'जमत नाही' म्हणाली, तर मार्गदर्शकाने दचकू नये. कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात दिसणारं यांतली दरी तिला तेव्हा जाणवते. बऱ्याच मुली याच काळात नोकरी सोडतात. त्या आठवड्यांत बैठक चुकवायची नाही आणि तिला जमलेल्या गोष्टींची यादी वहीतून वाचून दाखवायची.

९. सही म्हणजे काय

कौशल्य-यादीवर मार्गदर्शकाची सही म्हणजे 'हे मी डोळ्यांनी पाहिलं, मदतीशिवाय झालं, आणि कारण विचारल्यावर तिने सांगितलं.' निरीक्षणाची मुदत संपत आली किंवा तपासणी पथक येणार असलं की एका बसणीत वीस सह्या होतात. मी हे पाहिलंय, आणि एकदा मीही केलंय. त्याच आठवड्यात त्या मुलीला रक्त चढवताना सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत पेशंटजवळ थांबायचं असतं हे माहीत नसल्याचं उघड झालं. सही माझी होती. सुदैवाने पेशंटला काही झालं नाही.

तेव्हापासून आम्ही एका दिवशी एका मुलीच्या यादीवर पाचपेक्षा जास्त सह्या चालवत नाही. 'अजून नाही' असा रकानाही यादीत ठेवला आहे. तो भरताना मार्गदर्शकाला अपराधी वाटू नये, हे तिला वर्गात बोलून दाखवा.

१०. मार्गदर्शकाकडे कोण बघणार

शिकवत काम करणं थकवतं. महिन्यातून एकदा सगळ्या मार्गदर्शकांना तासभर एकत्र बसवा, ड्युटीच्या वेळेत. एका मुलीनंतर दुसरी लगेच देऊ नका, निदान दोन महिने मोकळे ठेवा. जोडी जमत नसेल तर चौथ्या आठवड्यापर्यंत बदला आणि त्याचा ठपका दोघींपैकी कोणावरही ठेवू नका. भत्ता मिळत असेल तर उत्तम. नसेल तर वार्षिक मूल्यमापनात या कामाची नोंद व्हावी म्हणून तुम्ही स्वतः भांडा, ते मार्गदर्शकाला करायला लावू नका.

११. बारा आठवड्यांनंतर नव्या मुलीशी बोला

मार्गदर्शक समोर नसताना, पंधरा मिनिटं. मी एकच प्रश्न नीट विचारते: "तुला कोणती गोष्ट कोणीच सांगितली नाही?"

रात्री औषधाच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते, इथपासून उत्तरं येतात. दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पेशंट गेल्यावर काय करायचं, ते." तिच्या सातव्या आठवड्यात पहाटे एक पेशंट गेले होते. सीपीआरच्या वेळी सगळे होते, नंतर सगळे आपापल्या कामाला गेले आणि ती पडद्याआड एकटी उभी होती. नळ्या काढायच्या की नाही, डोळे मिटायचे की नाही, बाहेर उभ्या असलेल्या मुलाला आत कधी घ्यायचं, तिला काहीच माहीत नव्हतं. आमच्या यादीत हे कौशल्यच नव्हतं.

आता आहे. पहिल्या मृत्यूनंतरचं सगळं काम दोघींनी मिळून करायचं. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्याची वेळ लिहायची. एमएलसी केस (पोलिसांकडे नोंद होणारी) असेल तर विचारल्याशिवाय एकही नळी काढायची नाही. नसेल तर नळ्या काढून जागेवर पट्टी, डोळे मिटवणं, अंग पुसणं, स्वच्छ चादर, नावाची पट्टी. अंग पुसतानाही पेशंटला नावाने हाक मारून सांगायचं, "आजोबा, कूस वळवते हं." मग खुर्ची ठेवून घरच्यांना आत घ्यायचं आणि त्यांना घाई करायची नाही. हे सगळं झाल्यावर इन्चार्जने त्या मुलीचे पेशंट पंधरा मिनिटं सांभाळायचे आणि मार्गदर्शकाने तिला घेऊन पॅन्ट्रीत बसायचं.

तिसऱ्या तुकडीच्या वर्गात हा भाग त्याच मुलीने शिकवला.